गुडघ्यात स्टेम सेल भरून मिळतात का? (आईसाठी विचारतेय)

निफाडची_नात | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

आई ६६ वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं उभं राहून शिकवलं, आता गुडघे वसुली करतायत. जिना एकेक पायरीने, कठडा धरून. सकाळी उठल्यावर पहिली दहा मिनिटं पाऊलच उचलत नाही. नाशिकच्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, उजवा ग्रेड ४ (म्हणजे झीज सगळ्यात जास्त), डावा ग्रेड ३. उजव्याची वाटी बदलून घ्या, डाव्याचं पुढे बघू. आईने ऐकून घेतलं आणि घरी येऊन देवासमोर बसली. म्हणजे खुर्चीवर बसली, खाली बसता येत नाही म्हणून रडली.

मग शेजारच्या काकूंनी एक पत्रक आणून दिलं. मंगल कार्यालयात मोफत शिबिर, 'विनाऑपरेशन गुडघे पुन्हा पहिल्यासारखे, स्टेम सेल व जीन थेरपी'. आम्ही गेलो. पोटाची चरबी काढणार, त्यातून स्टेम सेल (मूळपेशी, ज्यांपासून शरीरात दुसऱ्या पेशी बनतात) वेगळ्या करणार आणि त्याच दिवशी गुडघ्यात सोडणार. झिजलेली गादी सहा महिन्यांत परत तयार होते म्हणे. दोन्ही गुडघ्यांचे २ लाख ८० हजार. शुक्रवारपर्यंत ५० हजार भरले तर ३० हजारांची सवलत.

हे खरंच होतं का? कोणी केलंय का? आईचा प्रश्न एवढाच आहे, 'मांडी घालून पूजेला बसता येईल का गं?'

टोणगा | रविवार, रात्री ९:२२

शुक्रवारपर्यंत सवलत? गुडघा घेताय की फ्रीज?

सुगरणीचा_खोपा | रविवार, रात्री ९:४०

माझ्या सासूबाई निर्गुडीचा पाला बांधून शेक घ्यायच्या, वर एरंडेल. बरं वाटायचं त्यांना. गादी परत आली असं मात्र त्यांनी कधी म्हटलं नाही.

अस्थिर | रविवार, रात्री ११:०५

मी कोल्हापूरला हाडांचीच प्रॅक्टिस करतो, त्यामुळे माझा स्वार्थ आधीच मांडून ठेवतो. मी वाट्या बदलतो आणि त्याचे पैसे घेतो. आता पुढचं वाचा.

हाडाच्या टोकावर जी गुळगुळीत गादी असते तिला कूर्चा म्हणतात. गुडघ्यात तिची जाडी दोन ते चार मिलिमीटर. तिला ना रक्तवाहिनी, ना मज्जातंतू. कातडीला कापलं तर रक्त येतं, आणि दुरुस्तीचं सगळं सामान त्या रक्तातूनच पोचतं. कूर्चेपर्यंत ते पोचतच नाही. शिवाय तिच्यात जिवंत पेशी फार थोड्या, बाकी सगळं पाणी धरून ठेवणारं जाळं. म्हणून ती एकदा गेली की जाते. विल्यम हंटर नावाच्या शल्यवैद्याने हे १७४३ मध्ये लंडनला लिहून ठेवलंय.

मग पेशी-उपचार खोटेच का? अजिबात नाही. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या मंडळींनी १९९४ मध्ये २३ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. गुडघ्याच्या कमी भार येणाऱ्या कोपऱ्यातून कूर्चेचा छोटा तुकडा काढायचा, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवायच्या आणि दुसऱ्या ऑपरेशनमध्ये खड्ड्यात भरायच्या. याला आता तीस वर्षं झाली. अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली, आणि पेशी पडद्यावर वाढवून तो पडदाच चिकटवायची सुधारलेली आवृत्ती २०१६ च्या डिसेंबरमध्ये आली. आपल्याकडे रिग्रो या मुंबईच्या कंपनीच्या 'कार्टिग्रो'ला २०१७ मध्ये औषध महानियंत्रकांची मान्यता मिळाली.

पण हे कोणासाठी? फुटबॉल खेळताना, बाइकवरून पडून, तरुण गुडघ्यात एकच खड्डा पडलाय आणि आजूबाजूची कूर्चा शाबूत आहे, त्याच्यासाठी. खड्ड्याला काठ असले तर डांबर धरतं. ग्रेड ४ म्हणजे अख्खा रस्ताच वाहून गेलाय आणि खालची खडी वर आलीय. तिथे काठ कुठून आणणार?

सह्यवेडा | सोमवार, सकाळी ७:५०

वर डॉक्टरांनी सांगितलेला खड्डेवाला तो मीच. वय तेव्हा ३१. पावसाळ्यात निसरड्या कातळावरून घसरलो, गुडघा दगडावर आपटला. एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या टोकाला रुपयाएवढा खड्डा निघाला. दुर्बिणीतून तांदळाच्या दाण्याएवढे दोन-तीन तुकडे काढले आणि ते वाढवायला लोणावळ्याच्या प्रयोगशाळेत पाठवले. पाचेक आठवडे माझा गुडघा लोणावळ्यात राहून आला आणि येताना चिक्कीसुद्धा आणली नाही.

दुसरं ऑपरेशन झाल्यावरची गोष्ट कोणी सांगत नाही. सहा आठवडे कुबड्या. त्या पायावर वजन टाकायचं तेही मोजून, वजनकाट्यावर पाय ठेवून सराव करायचा, आज दहा किलो, पुढच्या आठवड्यात वीस. मांडी बारीक होऊन मनगटासारखी दिसायला लागली. पळायची परवानगी वर्षाने. आता हरिश्चंद्रगड करतो, पण उतरताना काठी लागते आणि नळीच्या वाटेचं नाव घेत नाही. खर्च एका चारचाकीच्या डाऊन पेमेंटएवढा.

ज्या उपचाराने एका दिवसात चरबी काढून गादी तयार होते, तो मला का नाही कोणी सांगितला?

टोणगा | सोमवार, सकाळी ८:०४

चिक्की +१

रोखठोक | सोमवार, दुपारी १:१५

डॉक्टरसाहेब, स्वार्थ मान्य केलात हे चांगलं. पण वाटी बदलण्याच्या धंद्यात किती पैसा आहे ते आम्हालाही कळतं. जिथे तिथे 'बदलून टाका'. माझ्या पुण्याच्या मामांनी दोन वर्षांपूर्वी असंच चरबीतलं स्टेम सेल घेतलं. आज रोज सकाळी तळजाईला फिरतात. तुमच्या अभ्यासांना काय करायचंय? माणूस चालतोय ना!

बाभूळबन | सोमवार, दुपारी १:३१

मामा फिरतात हे खरं असेल. पण स्टेम सेल घेतल्यावर मामांनी वजन कमी केलं का, व्यायाम सुरू केला का, हे विचारा. आमच्या फिजिओ ताई सांगतात की एक किलो वजन घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने कमी होतो.

रोखठोक | सोमवार, दुपारी १:४०

९ किलो कमी केलं. पण तो मुद्दा नाही.

बाभूळबन | सोमवार, दुपारी १:४१

:)

अस्थिर | सोमवार, रात्री १०:३०

रोखठोक, धंद्याबद्दलचं बोलणं अर्धं खरं आहे. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमती इतक्या फुगवल्या होत्या की २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारला मर्यादा घालावी लागली. जो साधा सांधा सरासरी दीड लाखाच्या पुढे विकला जात होता तो ५४,७२० अधिक करावर आला. म्हणजे मधले एक लाख कुठे जात होते ते तुम्हीच ओळखा. आमच्यातही गडबडगुंडा आहे. त्याने चरबीचं इंजेक्शन खरं ठरत नाही, इतकंच.

मामांबद्दल. गुडघेदुखी भरती-ओहोटीसारखी असते. माणूस उपाय शोधायला बाहेर पडतो तो दुखणं सगळ्यात वर चढलेलं असताना, आणि त्यानंतर ते बहुधा उतरतंच. म्हणून तुलना लागते. ऑस्ट्रेलियात २८८ लोकांवर तुलना झाली. निम्म्यांना पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातून वेगळा काढलेला प्लेटलेटचा अर्क, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. वर्षाने दुखणं दोन्हीकडे कमी झालं आणि दोघांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. हे २०२१ मध्ये छापून आलं. २०२३ मध्ये अमेरिकेतला सुमारे ४८० रुग्णांचा अभ्यास आला. अस्थिमज्जेतल्या पेशी, पोटाच्या चरबीतल्या पेशी, नाळेतल्या पेशी आणि चौथ्या गटाला साधं स्टेरॉइडचं इंजेक्शन. वर्षभरानंतर तिन्ही पेशी-उपचारांपैकी एकही त्या स्वस्त इंजेक्शनपेक्षा सरस ठरला नाही. एमआरआयमध्येही गादी वाढलेली दिसली नाही. आणि स्टेरॉइड म्हणजे काही अमृत नव्हे बरं का. दर तीन महिन्यांनी दोन वर्षं दिलं तर कूर्चा आणखी झिजते, हेही २०१७ मध्ये दिसलंय.

निफाडची_नात, तुमच्या पत्रकातला उपचार या चारांपैकी दुसरा.

कांदाभजी | सोमवार, रात्री १०:४४

पण गुडघ्यातलीच कूर्चा का लागते? कानात, नाकातही असते की. तिथली काढून लावा!

पेशीवाली | मंगळवार, पहाटे ३:१२

(भारताबाहेर आहे, वेळेकडे बघू नका.)

कांदाभजी, तुम्ही चेष्टेत म्हणालात, पण स्वित्झर्लंडमध्ये बासेलच्या गटाने नेमकं तेच केलं. नाकाच्या पडद्यातून छोटा तुकडा काढून पेशी वाढवल्या, त्यांची पट्टी तयार केली आणि गुडघ्याच्या खड्ड्यात शिवली. पहिल्या दहा रुग्णांचा वृत्तांत २०१६ मध्ये आला. नाकातल्या पेशी वय वाढलं तरी चांगल्या वाढतात आणि गुडघ्यात गेल्यावर तिथल्यासारखं वागायला शिकतात.

टोणगा | मंगळवार, सकाळी ७:३०

म्हणजे आता गुडघ्याने कांदे सोलता येतील.

पेशीवाली | मंगळवार, पहाटे ३:५८

(वरचं लिहून झोपायला जाणार होते, पण पत्रकातला 'जीन थेरपी' शब्द झोपू देईना. टोणगा, तुमचा प्रतिसाद आधी दिसत असेल तर घड्याळांचा घोळ आहे.)

चरबी काढून त्यातल्या पेशी सोडणं ही जीन थेरपी नाहीच. जीन थेरपीत पेशीला नवी सूचना द्यावी लागते, म्हणजे तिच्यात एखादं जनुक घालावं लागतं. सांध्यासाठी माणसावर ती पहिल्यांदा झाली १९९६ मध्ये, पिट्सबर्गला. सुजलेल्या सांध्यात इंटरल्युकिन-१ नावाचं प्रथिन असतं, ते पेशीच्या दारात बसलं की आग भडकते. त्याच दारात बसणारं, पण काहीही न करणारं आणखी एक प्रथिन शरीरातच असतं. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवतात ना, तसं. या रुमालाचं जनुक पेशींत घातलं आणि त्या पेशी संधिवाताच्या नऊ बायकांच्या बोटांच्या पेरांत सोडल्या. या बायकांच्या पेरांचे सांधे आठवड्याने तसेही ऑपरेशन करून बदलायचे होते, त्यामुळे काढलेल्या सांध्यात जनुक काम करतंय का हे बघता आलं. करत होतं. किती सावधपणे पावलं टाकली बघा. हा प्रयोग करणाऱ्याच शास्त्रज्ञाच्या गटाने पुढे निरुपद्रवी विषाणूतून हेच जनुक थेट गुडघ्यात सोडलं, त्याचा नऊ रुग्णांवरचा पहिला अहवाल २०२५ मध्ये आला. वर्षभर गुडघ्यात ते प्रथिन बनत राहिलं. १९९६ ते २०२५ मोजा, आणि अजून ही पहिलीच पायरी आहे. मंगल कार्यालयातल्या शिबिरात ही थेरपी कुठून आली?

मध्ये धक्केही बसले. २००७ मध्ये अमेरिकेत अशाच एका चाचणीतली ३६ वर्षांची बाई दगावली. तिला बुरशीचा संसर्ग सर्वांगात पसरला होता आणि ती प्रतिकारशक्ती दाबणारं औषधही घेत होती. मृत्यूचं मुख्य कारण विषाणू असण्याची शक्यता चौकशीत कमी वाटली, पण चाचणी थांबली.

आणि कोरियाचं प्रकरण तर मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगते. 'इन्वोसा' नावाचं गुडघ्याचं इंजेक्शन तिथे २०१७ च्या जुलैमध्ये बाजारात यायला मान्यता मिळाली. त्यात दोन प्रकारच्या पेशी. एक साध्या कूर्चेच्या, दुसऱ्या वाढीचं जनुक घातलेल्या कूर्चेच्या. ३,७०० च्या आसपास लोकांनी घेतलं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीसाठी पेशींची ओळख तपासली, तर दुसऱ्या पेशी कूर्चेच्या नव्हत्याच! त्या निघाल्या मूत्रपिंडाच्या, प्रयोगशाळांतून १९७० च्या दशकापासून वाढवल्या जाणाऱ्या एका वंशातल्या. टोचण्याआधी किरणोत्सर्गाने त्यांची वाढ बंद केलेली असायची, हेच काय ते नशीब. कोरियाने परवाना रद्द केला. त्याच औषधाची चाचणी अमेरिकेने थांबवली आणि २०२० मध्ये परत सुरू करू दिली, आता पेशींचं खरं नाव लावून.

मान्यता मिळालेल्या, कारखान्यात बनलेल्या औषधात आत कोण बसलंय हे कळायला इतकी वर्षं लागली. तुमच्या शिबिरवाल्यांकडे पेशी मोजायचं यंत्र तरी आहे का, हे विचारून बघा.

कांदाभजी | मंगळवार, सकाळी ८:१०

कूर्चा म्हणून मूत्रपिंड. दुधात पाणी ऐकलं होतं.

आरोग्यम्_धनसंपदा_९९ | मंगळवार, सकाळी ११:००

[हा प्रतिसाद जाहिरात असल्याने काढून टाकला आहे. – संपादक]

टोणगा | मंगळवार, सकाळी ११:०६

शिबिरवाले इथेही पोचले वाटतं.

मल्लेश्वरमचा_मराठा | मंगळवार, दुपारी ३:२०

सगळं एका मापाने मोजू नका. आमच्या बेंगळुरूच्या स्टेमप्युटिक्स कंपनीने बनवलेल्या इंजेक्शनला २०२२ मध्ये गुडघ्यासाठी रीतसर मान्यता मिळाली आहे. दात्यांच्या अस्थिमज्जेतल्या पेशी, एका इंजेक्शनात अडीच कोटी. आता प्रत्येक बाटलीत पेशींची संख्या ठरलेली, तपासलेली, अनोळखी चरबीसारखं नाही. पण ते ग्रेड २ आणि ३ साठी आहे. धागाकर्तीच्या आईच्या उजव्या गुडघ्यासाठी नाही, डाव्यासाठी मात्र डॉक्टरांना विचारता येईल.

अस्थिर | मंगळवार, रात्री १०:५०

बरोबर, आणि माझ्या लिहिण्यात हे राहिलं होतं. माझे दोन रुग्ण ते इंजेक्शन घेऊन आलेत. एकाला आराम आहे, एकाला नाही. दोन रुग्णांवरून मी काही बोलणार नाही, नाहीतर माझ्यात आणि मामांत फरक काय राहिला?

एडिसनकर | मंगळवार, रात्री ११:३५

अमेरिकेतही हेच चालतं हो. किराणा दुकानाच्या शेजारी क्लिनिक, बाहेर मोठा बोर्ड. २०१८ मध्ये नाळेच्या रक्तातलं म्हणून विकलेलं टोचून घेतलेल्या १२ जणांना जंतुसंसर्ग झाला होता, काहींच्या सांध्यात, काहींच्या रक्तात. पोटाच्या चरबीतल्या पेशींवरून कॅलिफोर्नियाच्या क्लिनिकांशी सरकारचा खटला वर्षानुवर्षं चालला. क्लिनिकवाले म्हणत, पेशी रुग्णाच्याच, आम्ही कुठे औषध विकतोय? २०२४ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं, हे औषधच आहे, मान्यता लागेल.

रोखठोक | बुधवार, सकाळी ९:०५

मग भारतात कोणी पकडत का नाही?

पेशीवाली | बुधवार, सकाळी ११:४०

नियम आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या आजारांसाठीचं मूळपेशी-रोपण आणि वर आलेली रीतसर मान्यता मिळालेली औषधं सोडली तर बाकी सगळा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच करायचा. आणि चाचणी असेल तर ती सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत दिसते, घरबसल्या शोधता येते. चाचणीतलं औषध रुग्णाला विकत घ्यावं लागत नाही आणि इजा झाली तर भरपाई मिळते. ज्या 'चाचणी'साठी तुमच्याकडून २ लाख ८० हजार मागतात ती चाचणी नव्हे, विक्री.

सुगरणीचा_खोपा | बुधवार, दुपारी २:१५

सगळे हुशार बोलताय, पण त्या माउलीच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही. मांडी!

माझ्या दोन्ही वाट्या बदलून चार वर्षं झाली. मांडी घालायला डॉक्टरांनी नको सांगितलं. पहिल्या वर्षी फार वाईट वाटलं. हरतालिकेला सगळ्या खाली आणि मी वर, जशी काही न्यायाधीश. मग गुरुजींनाच म्हटलं, देव उचलून टेबलावर ठेवा. ठेवले. आता आमच्याकडे अर्ध्या बायका खुर्चीत बसतात आणि मला दुवा देतात. पंगतीत टेबल-खुर्ची लागते. संडास आधीच बदलून घ्या, ऑपरेशननंतर गवंडी शोधत बसू नका.

बाभूळबन | बुधवार, दुपारी २:४०

संडासाचा मुद्दा सोन्याचा. आमच्या गावी तेवढ्यासाठी आत्या दोन वर्षं माहेरी आली नाही.

सह्यवेडा | बुधवार, दुपारी ३:०२

अवांतर: प्लास्टिकची खुर्ची मधून कापून देशी भांड्यावर ठेवायचा जुगाड कोणी केलाय का? आजोबांसाठी केला होता, तीन महिन्यांत पाय फाकले. खुर्चीचे.

निफाडची_नात | शनिवार, रात्री ८:३०

सगळ्यांचे आभार. शुक्रवार गेला, पैसे भरले नाहीत.

फोन केला होता. पेशी किती सोडता विचारलं तर 'लाखो'. मोजता कुठे विचारलं तर 'आमची स्वतःची लॅब आहे'. सीटीआरआयचा नंबर मागितला, तर पलीकडची मुलगी थोडा वेळ गप्पच राहिली आणि म्हणाली, 'मॅडम, तुम्ही डॉक्टर आहात का?' मी म्हटलं नाही, शिक्षिकेची मुलगी आहे. मग सर मीटिंगमध्ये गेले. वर सवलत आता महिनाअखेरपर्यंत वाढवली आहे म्हणे.

आईला तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले. लोणावळ्याच्या चिक्कीला हसली. टेबलावरच्या देवांना मात्र हसली नाही, दोन दिवस विचार केला आणि काल बाबांना म्हणाली, सुताराला विचारा चौरंगाला उंच पाय लावून देतो का. उजव्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर करू म्हणतेय. डाव्यासाठी फिजिओ सुरू केलाय.

एक अडचण उरलीय. शेजारच्या काकूंनी आमच्या आधीच ५० हजार भरले. आता त्यांना सगळं सांगितलं तर परत मागायला लाजतात. पावती आहे, पण तिच्यावर फक्त 'नोंदणी शुल्क' लिहिलंय. काय करता येईल?

टोणगा | शनिवार, रात्री ८:४१

कसली नोंदणी ते तरी लिहिलंय का? लग्नाची असेल, मंगल कार्यालय आहे.

रोखठोक | शनिवार, रात्री ८:५५

पावतीचा आणि पत्रकाचा, दोन्हीचा फोटो व्यनि (खाजगी निरोप) करा. आधी साध्या कागदावर लेखी परत मागायचे, पोच घ्यायची. नाही दिले तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, माझा भाऊ तिथलीच कामं बघतो. पत्रकावर 'गादी परत तयार होते' छापलंय ना? ते फेकू नका, काकूंना सांगा जपून ठेवायला.

आणि हो, मामांना काल विचारलं. नंतर एमआरआय केलेला नाही.